तारीख सांगा, नाव सांगा

संरक्षण मंत्रालय, हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, लष्कराला ड्रोन विकणारे पुरवठादार आणि महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेले लोकसभेचे ४८ व राज्यसभेचे १९ खासदार, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. संसदेचे येते अर्थसंकल्पी अधिवेशन ज्या दिवशी संपेल, तो दिवस शेवटचा धरावा. लष्कराच्या चीता आणि चेतक हेलिकॉप्टरांच्या जागी नवी हेलिकॉप्टरे कोणत्या महिन्यापासून येणार, वर्षाला किती येणार आणि आली नाहीत तर जाब कोणत्या अधिकाऱ्याला विचारायचा, हे तोवर सभागृहात लेखी सांगितले गेले पाहिजे. ‘प्रक्रिया प्रगतिपथावर आहे’ हे वाक्य आम्ही बरीच वर्षे ऐकले. यापुढे ते उत्तर म्हणून मोजले जाणार नाही.

हा इशारा नाशिकमधून निघतो आहे, त्याला कारण आहे. नाशिकरोडजवळ गांधीनगरच्या धावपट्टीवर २००३ पासून लष्कराची वैमानिक प्रशिक्षण शाळा आहे. देशभरातले तरुण कॅप्टन इथे हेलिकॉप्टर चालवायला शिकतात आणि छातीवर पंख लावून इथूनच सरहद्दीवर जातात. देशाची पहिली महिला लष्करी लढाऊ वैमानिक मे २०२२ मध्ये याच मैदानावरून बाहेर पडली. उपनगर, जेलरोड, देवळाली भागातल्या माणसाला चीताचा आवाज ओळखायला वर बघावे लागत नाही. ही मुले आमच्या डोक्यावरून उडायला शिकतात. पुढे ती कशात बसून उडतात, हे विचारण्याचा आम्हाला पुरेपूर हक्क आहे.

कशात बसतात ते नीट पाहा. पुढे काचेचा घुमट, खाली चाकांऐवजी पट्ट्या, मागे उघड्या नळ्यांची जाळीदार शेपटी आणि वर एकुलते एक इंजिन. इंजिन बंद पडले तर दुसरे नाही. धुक्यात डोंगर जवळ आला हे सांगणारी यंत्रणा नाही, हवामान दाखवणारे रडार नाही, वैमानिकाच्या हातांना दोन मिनिटे विसावा देणारा ऑटोपायलट नाही. रचना फ्रेंच. भारताच्याच मागणीवरून १९६८ मध्ये आखणी सुरू झाली, १९६९ मध्ये पहिले उड्डाण झाले आणि सत्तरच्या दशकापासून ते ‘चीता’ नावाने आपल्याकडे बनू लागले. चेतक त्याहून जुने; साठच्या दशकातले.

यंत्र वाईट होते असे कोणी म्हणू नये. याच जातीच्या हेलिकॉप्टरने जून १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून विश्वविक्रम केला होता. एप्रिल १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूत सुरू झाले तेव्हापासून सियाचीन तगून आहे ते बऱ्याच अंशी याच्या जोरावर. वीस हजार फुटांच्या आसपासच्या ठाण्यांवर हवा इतकी विरळ असते की, एका फेरीत मोजक्या किलोंचा भार नेता येतो. एखादा रॉकेलचा कॅन, थोडी औषधे, टपालाची पिशवी. बर्फावर आखलेल्या घराएवढ्या तुकड्यावर उतरायचे, इंजिन चालूच ठेवायचे, कारण त्या उंचीवर ते बंद केले तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. सामान खाली, आजारी जवान आत, आणि लगेच वर. चाळीस वर्षे हे रोज चालले आहे. वैमानिकांच्या कसबाला सलाम केलाच पाहिजे. पण त्या कसबाच्या आड लपून दिल्लीने जो वेळ काढला, त्याला माफी नाही.

त्या वेळकाढूपणाचा हिशोब असा आहे. १९७ हलकी हेलिकॉप्टरे परदेशातून घ्यायची ठरली. निवड जवळपास पक्की झाली आणि २००७ च्या अखेरीस, चाचणी झालेल्या हेलिकॉप्टरवरून वाद उठल्यावर, निविदा रद्द झाली. २००८ मध्ये दुसरी निविदा काढली. पुन्हा चाचण्या, पुन्हा डोंगरात उड्डाणे, पुन्हा अहवाल. ऑगस्ट २०१४ मध्ये तीही रद्द. डिसेंबर २०१५ मध्ये मॉस्कोत रशियाशी करार झाला: कामोव्ह-२२६टी जातीची दोनशे हेलिकॉप्टरे, साठ तयार येणार आणि एकशे चाळीस भारतात बनणार. संयुक्त कंपनीसुद्धा निघाली. किंमत किती आणि स्वदेशी भाग किती, या घोळात ते घोंगडे भिजत पडले ते पडलेच. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयाने पुन्हा कंपन्यांकडे विचारणा केली: लष्कराला १२० आणि हवाई दलाला ८०, मिळून दोनशे हलकी हेलिकॉप्टरे हवी आहेत, कोणाकडे काय आहे ते कळवा. म्हणजे पहिली निविदा रद्द झाल्यावर अठराव्या वर्षी गाडी पुन्हा पहिल्या पायरीवर. ही विचारणा म्हणजे खरेदी नव्हे. दुकानात शिरून भाव विचारणे आहे.

या अठरा वर्षांत हेलिकॉप्टरे पडत राहिली. १ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेलीला चीता कोसळून तीन अधिकारी गेले. त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र आल्या, सह्या गोळा केल्या आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापर्यंत मागणी नेली की ही हेलिकॉप्टरे जमिनीवर आणा. ज्या घरात नवऱ्याच्या नोकरीविषयी चारचौघांत बोलणेही शिस्तीत बसत नाही, त्या घरांतल्या बायकांना रस्त्यावर यावे लागले, याची लाज कोणाला वाटायला हवी होती? पर्रीकर अभियंता होते, गोंयकार होते, फाईल हलवणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्याही काळात ही फाईल निर्णयापर्यंत पोहोचली नाही. मग मार्च २०२२ मध्ये गुरेझ. ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ. मार्च २०२३ मध्ये अरुणाचलातच मंडालाच्या डोंगरात दोन अधिकारी. प्रत्येक वेळी चौकशी समिती बसते, तिचा अहवाल जनतेपुढे येत नाही आणि दुसऱ्या दिवशी उरलेली चीता त्याच दऱ्यांतून उडतात.

फ्रान्सने, जिथे ही जात जन्मली तिथे, नौदलातली शेवटची अल्युएत, म्हणजे चेतकची मूळ फ्रेंच आवृत्ती, २०२२ च्या अखेरीस निवृत्त केली. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी मोटारींची आणि बसगाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम आला. जिल्हाधिकाऱ्याची जीप पंधरा वर्षांत भंगारात जाते आणि कॅप्टन मात्र आपल्या बापाच्या वयाच्या हेलिकॉप्टरमध्ये बसतो. हा नियम करणारे आणि हेलिकॉप्टरची फाईल अडवणारे एकाच शहरात बसतात.

आता एचएएलशी, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी, बोलू. तुमचे स्वदेशी हलके हेलिकॉप्टर, एलयूएच, ६ सप्टेंबर २०१६ रोजी पहिल्यांदा उडाले. २०२० मध्ये ते सियाचीनच्या उंच ठाण्यांवर उतरवून दाखवल्याचे तुम्हीच जाहीर केले. हवाई दलाच्या आवृत्तीला २०२० मध्ये आणि लष्कराच्या आवृत्तीला २०२१ मध्ये प्राथमिक मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्या बाराच्या खरेदीला सरकारची तत्त्वतः मंजुरी आली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तुमकुरूच्या ६१५ एकरांवरच्या कारखान्याचे उद्घाटन झाले; सुरुवातीला वर्षाला तीस हेलिकॉप्टरे काढू असे सांगितले गेले. कारखाना उभा, हेलिकॉप्टर उडालेले, एलयूएचची गरज १८७ ची, आणि ऑटोपायलटचे काम रेंगाळले म्हणून रांग खोळंबली. उद्या सकाळी सगळ्यांवर सह्या झाल्या आणि वर्षाला तीस या दराने काम सुरू झाले, तरी १८७ व्हायला सहा वर्षांहून अधिक लागतील. लष्कराचाच अंदाज आहे की जुनी हेलिकॉप्टरे पूर्ण काढायला दहा-बारा वर्षे जातील. म्हणजे आज जो मुलगा गांधीनगरला प्रवेश घेतो, तो मेजर होऊन पुढे जाईपर्यंत चीता त्याच्या नशिबी आहे. उशिराचा खरा अर्थ हा आहे; तो कारखान्याच्या तक्त्यात दिसत नाही.

तुमच्या ध्रुव हेलिकॉप्टरचेही तेच. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघे गेले आणि देशभरातली ध्रुव काही महिने जमिनीवर बसली. त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती दिसली नाहीत. ध्रुव बसली की डोंगरातला भार कोणाच्या पाठीवर येतो? पुन्हा त्या जुन्या चीता-चेतकच्या. त्याच हिवाळ्यात लष्कराला हिमालयातल्या ठाण्यांपर्यंत रसद पोहोचवायला खासगी नागरी हेलिकॉप्टरे भाड्याने घ्यावी लागली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एकाने भाड्याची हेलिकॉप्टरे घ्यावीत, ही बातमी आतल्या पानावर छापली गेली. आमच्या पत्रकारितेलाही इथे एक चपराक बसायला हवी.

ती आणखी एका कारणासाठी. दर दोन-तीन महिन्यांनी मथळा येतो: इतक्या हजार कोटींच्या शस्त्रखरेदीला मंजुरी. वाचणाऱ्याला वाटते, माल निघाला. त्या बैठकीत एवढेच ठरते की ही वस्तू गरजेची आहे. तिच्यानंतर निविदा, चाचण्या, किमतीची घासाघीस, अर्थखात्याचे शेरे आणि मग कधीतरी करार. मंजुरी ते करार या प्रवासात किती खरेद्या वाटेतच गळाल्या, याचा ताळेबंद मथळ्यात येत नाही. मार्च २०१८ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे सांगितले होते की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट या सदरात मोडते. समितीने अहवाल छापला, चार दिवस चर्चा झाली, विषय संपला.

पैसे नाहीत, ही सबब तर कोणी पुढेच करू नये. २०२४-२५ मध्ये संरक्षणाच्या भांडवली खर्चासाठी १,७२,००० कोटी रुपये ठेवले होते. सुधारित अंदाजात ते १,५९,५०० कोटींवर आले. साडेबारा हजार कोटी रुपये खर्चच करता आले नाहीत. ज्या वर्षी भाड्याची हेलिकॉप्टरे घेतली, त्याच वर्षी. याचा जाब आम्ही पैशाच्या भाषेत विचारतो आहोत कारण तो पैसा आमचा आहे.

खरे दुखणे भीतीचे आहे, आणि त्याची मुळे आमच्याच देवळालीच्या तोफखान्यापर्यंत जातात. मार्च १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला. लाचेचे प्रकरण उठले, सरकार निवडणुकीत हरले, आणि त्यानंतर तीस वर्षे नव्या मोठ्या तोफेच्या करारावर सही करायला कोणी धजावले नाही. २०१६ मध्ये एम-७७७ चा करार झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या तोफा, के-९ वज्रसह, देवळालीतच लष्करात दाखल झाल्या. मधल्या काळात कारगिल लढलो ते त्याच बदनाम बोफोर्सवर. मग अतिविशिष्ट व्यक्तींसाठीच्या बारा ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरांचे प्रकरण आले. सुमारे ३,६०० कोटींचा तो करार १ जानेवारी २०१४ रोजी रद्द झाला. तेव्हापासून हेलिकॉप्टर या शब्दानेच बाबूंचा हात थरथरतो. सही केली तर चौकशी लागू शकते. सही न करता निवृत्त झाले तर पेन्शन सुरक्षित. आजवर एकाही अधिकाऱ्यावर सही न केल्याबद्दल खटला भरल्याचे कोणी ऐकले आहे का? लाच खाणाऱ्याला तुरुंगात टाकाच. पण फाईल दाबून बसणाऱ्याचे नावही फाईलवर राहू द्या.

पुरवठादारांना वेगळे बजावतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराने चीनच्या सीमेवर रसद नेण्यासाठी मागवलेल्या ४०० ड्रोनचे सुमारे २३० कोटींचे करार रद्द केले, कारण त्यांत चिनी भाग निघाले. ज्याच्याविरुद्ध पहारा द्यायचा त्याच्याच कारखान्यातला सर्किटबोर्ड आत, आणि बाहेर तिरंग्याचा स्टिकर. असे ड्रोन शत्रू हवेत असतानाच भरकटवू शकतो, त्याची माहिती ओढून घेऊ शकतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन सोडल्याचे लष्करानेच सांगितले. पुढच्या लढाईची सुरुवात कशी होणार, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले. त्यानंतरही जो माणूस चिनी सुटे भाग स्वदेशी म्हणून खपवतो, त्याला काळ्या यादीत टाकणे पुरे नाही. त्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला पाहिजे. जमत नाही ही सबब चालणार नाही. नागपुरात नागास्त्र बनते, जवान पाठीवर नेऊ शकेल असे घातक ड्रोन; २०२४ मध्ये त्याची पहिली १२० नगांची खेप लष्कराला मिळाली. विदर्भातल्या कारखान्याला जे जमले ते इतरांना जमायला हवे.

परदेशी कंपन्यांनाही सूट नाही. लष्कराने सहा अपाचे हेलिकॉप्टरे फेब्रुवारी २०२० मध्ये मागवली. मार्च २०२४ मध्ये जोधपूरला त्यांच्यासाठी पथक उभारले. वैमानिक हजर, तंत्रज्ञ हजर, हेलिकॉप्टर गैरहजर. पहिली तीन आली जुलै २०२५ मध्ये. उशिराचा दंड वसूल केला का, किती, हे सभागृहात सांगा.

हे सगळे एखाद्या तऱ्हेवाईक नागरिकाचे रडगाणे आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने हवाई दलप्रमुख ए. पी. सिंह यांचे २९ मे २०२५ चे भाषण काढून ऐकावे. वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प आपल्याला आठवत नाही, असे ते संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत बोलले. करारावर सही करतानाच ठाऊक असते की ही सामग्री येणार नाही, असेही त्यांनी सांगितले. हवाई दलातला सर्वोच्च अधिकारी भर सभेत असे बोलतो तेव्हा खालच्या माणसांची काय गत असेल? एचएएलने ओझरला तेजस मार्क-१ए ची नवी मालिका सुरू केली, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथले पहिले विमान उडाले, आम्ही नाशिककरांनी अभिमानाने पाहिले. पण या विमानांचा पुरवठा मार्च २०२४ मध्ये सुरू व्हायचा होता, हेही आम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेतून इंजिने उशिरा आली, हे खरे. मग त्याची खबर देशाला आधी का दिली नाही?

मराठी माणसाला या गोष्टीचा शेवट माहीत आहे, म्हणून आम्ही अधिक घाईत आहोत. सप्टेंबर २००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात सुरतगढला गेले. त्यांची आई कविता गाडगीळ यांनी मुलाच्या नावावरचा चुकीचा ठपका पुसण्यासाठी आणि वैमानिकांच्या सुरक्षेसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. ओझरलाच बनलेले ते मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. मध्ये चोवीस वर्षे गेली. चीताच्या बाबतीत पुन्हा चोवीस वर्षे थांबायला आम्ही तयार नाही.

गुप्ततेचा पडदा आता ओढू नका. किती हेलिकॉप्टरे कोणत्या ठाण्यावर आहेत, त्यांचा पल्ला किती, हे आम्ही विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. कराराची तारीख, पुरवठ्याचे महिने आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद, यात शत्रूला उपयोगी पडेल असे काही नाही. शत्रूला उपयोगी पडते ती आपली दिरंगाई, आणि ती त्याच्या उपग्रहांना आधीच दिसते. सैन्याचे मनोधैर्य खच्ची होईल, हा दुसरा नेहमीचा हुकमाचा पत्ता. ज्या बायकांनी २०१४ मध्ये सह्या गोळा केल्या, त्यांना जाऊन विचारा मनोधैर्य कशाने खचते.

अधिवेशन संपले आणि तारीख आली नाही, तर पुढे काय होईल तेही ऐकून ठेवा. महाराष्ट्राच्या ६७ खासदारांपैकी कोणी चीता-चेतकवर तारांकित प्रश्न विचारला आणि कोण गप्प बसले, याची नावानिशी यादी आम्ही गावोगावी लावू, पक्ष न बघता. माहितीच्या अधिकारात अर्ज जातील. कलम आठचे संरक्षण-कारण पुढे केले तर त्याच कलमातल्या व्यापक जनहिताच्या तरतुदीवर बोट ठेवून केंद्रीय माहिती आयोगापर्यंत अपील जाईल. तिथेही दार बंद झाले तर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका होईल. गांधीनगरच्या फाटकावर मात्र कोणी जाणार नाही, घोषणा देणार नाही, वैमानिकांच्या कामात अडथळा आणणार नाही. तसे करायला कोणी चिथावले तर तो आमचा माणूस नव्हे, हे पोलिसांनीही नोंदवून ठेवावे.

वाचकहो, तुमच्या मतदारसंघाचा खासदार कोण हे तुम्हाला माहीत आहे. त्याला या आठवड्यात एक पत्र लिहा, ई-मेल नको, सहीचे पत्र. त्यात एकच प्रश्न असू द्या: चीताच्या जागी पहिले नवे हेलिकॉप्टर कोणत्या तारखेला येणार, आणि नाही आले तर कोणाला पकडायचे? पोच घ्या, प्रत जपून ठेवा आणि पुढच्या निवडणुकीत तो दारात आला की ती प्रत त्याच्या हातात द्या.